ग्यान योजनेतून शिकवायला मायदेशी: पाच दिवसांचा वर्ग आणि एक विहीर

परदेशात शिकून तिथंच नोकरीला लागलेल्या ओळखीच्या लोकांकडून मला वर्षातून चार-पाच वेळा तरी एकच प्रश्न येतो. नोकरी न सोडता आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठात थोडे दिवस शिकवता येईल का, आणि त्यासाठी सरकार काही मदत देतं का? देतं. मी ती घेतली आहे. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिण्यापेक्षा माझा सगळा अनुभव एकदाच मांडते.

मी भूजलाचं काम करते. सोलापूर जिल्ह्यात वाढले, स्थापत्य अभियांत्रिकी इथंच केलं, पुढचं शिक्षण नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला झालं आणि तेव्हापासून तिथल्याच एका पाणीपुरवठा कंपनीत आहे. मी प्राध्यापक नाही, रोजचं काम पंप, नळ्या आणि पाण्याच्या पातळीचं. २०१८च्या फेब्रुवारीत मी 'ग्यान' योजनेतून महाराष्ट्रातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत आठवडाभराचा अभ्यासक्रम शिकवला. संस्थेचं नाव मी देणार नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या तिथल्या चांगल्या माणसांवर शेकू नयेत.

ग्यान म्हणजे ग्लोबल इनिशिएटिव्ह ऑफ अकॅडेमिक नेटवर्क्स. केंद्राच्या तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २०१५च्या नोव्हेंबरात ती सुरू केली, आणि देशभरचा समन्वय आयआयटी खरगपूरकडे दिला. बाहेरच्या देशात काम करणारा शिक्षक, शास्त्रज्ञ किंवा उद्योगातला माणूस इथल्या संस्थेत येतो आणि एक किंवा दोन क्रेडिटचा छोटा अभ्यासक्रम घेतो. १२ ते १४ तासांच्या अध्यापनाला ८,००० डॉलरपर्यंत आणि २० ते २८ तासांच्या अध्यापनाला १२,००० डॉलरपर्यंत एकरकमी मिळतात. विमानाचं भाडं त्यातच आलं. राहण्या-जेवणाची सोय यजमान संस्था करते. व्याख्यानांचं चित्रीकरण होतं. वर्गात बसणाऱ्यांना योजनेच्या पोर्टलवर एकदाच ५०० रुपये भरून नाव नोंदवावं लागतं, अभ्यासक्रमाची फी संस्था वेगळी ठरवते.

इथं बहुतेकांची पहिली चूक होते. आपण स्वतः अर्ज करायचा, असं लोक धरून चालतात. प्रस्ताव यजमान संस्थेतल्या प्राध्यापकानं टाकायचा असतो. तुमचा सीव्ही कितीही भारी असला तरी इथं आपल्या विभागात तुमच्यासाठी कागद हलवणारं कोणी नसेल तर तुमचं काहीच होत नाही. माझं नशीब असं की यजमान सरांनी त्याआधी दीड वर्ष मला एका निबंधातल्या आलेखाबद्दल शंका विचारली होती आणि तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार चालू होता. प्रस्ताव त्यांनी लिहिला. मी पाठवलेला बारा व्याख्यानांचा आराखडा त्यांनी निम्मा कापला आणि दुपारचे तास उदाहरणं सोडवायला मोकळे ठेवले. तेव्हा मला ते खटकलं होतं. पाच महिन्यांनी मंजुरी आली.

पैशाबद्दल मोकळेपणानं सांगते, कारण सगळे दबकत विचारतात. ८,००० डॉलर म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण पाच लाख रुपये. तिकीट, हक्काच्या रजेचे तीन आठवडे आणि तयारीत गेलेले दोन महिन्यांचे शनिवार-रविवार धरले तर ही काही कमाई म्हणता येणार नाही, पण पदरचंही गेलं नाही. माझ्या मते रक्कम बरोबर आहे. यायला निघालेला माणूस खर्चापायी मागे फिरू नये, इतकी ती आहे, आणि निव्वळ पैशासाठी यावं इतकी नाही.

वर्गात ३८ जण होते. बावीस एम.टेक.चे विद्यार्थी, नऊ वेगवेगळ्या महाविद्यालयांतले शिक्षक, चार जण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतले आणि तीन खासगी सल्लागार. परदेशात मी पाहुणी व्याख्यानं दिली आहेत, पण असा वर्ग मला कधी मिळाला नव्हता. पुढच्या बाकांवर तेविशीतली मुलं आणि मागे वीस-वीस वर्षं विहिरी मोजलेली माणसं. ही सरमिसळ योजनेतच आहे. विद्यार्थी, शिक्षक आणि नोकरीतले लोक एकाच वर्गात बसावेत, हे तिच्या रचनेत धरलेलं आहे आणि माझ्या दृष्टीनं तिचा सगळ्यात मोठा गुण हाच.

पहिले दोन दिवस मी मला येत होतं ते शिकवलं. ॲमस्टरडॅम शहर १८५३पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांमधलं पाणी पितं, आणि १९५७पासून नदीचं पाणी आणून त्याच वाळूत मुरवलं जातं. ते का चालतं, वाळूत पाणी किती दिवस राहतं, जंतू कसे मरतात, हे सगळं मी सांगितलं. मग उपसा-चाचणी. विहिरीतून ठरावीक वेगानं पाणी उपसायचं, पातळी किती वेळात किती खाली जाते ते मोजायचं आणि त्यावरून जमिनीतला थर किती पाणी वाहून नेऊ शकतो हे काढायचं. त्यासाठी थाइस या अमेरिकन भूजलशास्त्रज्ञाचं १९३५चं समीकरण आहे, भूजल शिकणाऱ्या प्रत्येकाचं ते पहिलं समीकरण. मी ते फळ्यावर पायरीपायरीनं सोडवलं. मुलं भराभर उतरवून घेत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या बाकावरचे एक शिक्षक उभे राहिले. बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ते भूगोल शिकवतात. म्हणाले, "मॅडम, या समीकरणात विहिरीचा व्यास कुठंय?"

तो नाहीच. विहीर म्हणजे जमिनीत उभी घातलेली एक बारीक नळी, तिच्या पोटात साठलेलं पाणी नगण्य, हे थाइसनं धरूनच घेतलं आहे. मी जिथं काम करते तिथं विहिरी खरोखरच तशा असतात. आमच्या सोलापूरकडची विहीर पाच-सहा मीटर रुंद, दगडात खोदलेली. उपसा सुरू केला की पहिले कित्येक तास तुम्ही विहिरीच्या पोटातलंच पाणी काढत असता, खडकातून फार थोडं येतं. मी त्याच भागातली. लहानपणी आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांवर बसून मोटार बंद झाल्यावर पाणी कसं हळूहळू चढतं, ते मी रोज पाहिलं होतं. तरी बारा पानांच्या आराखड्यात मी एकदाही व्यास हा शब्द लिहिला नव्हता. महाराष्ट्राच्या साधारण चार पंचमांश भागाखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कठीण खडक, आहे आणि मी महाराष्ट्रात येऊन दोन दिवस वाळू शिकवत होते.

मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी गणित आहे. पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७मध्ये ते मांडलं. मला ते माहीत होतं, पण नोकरीत कधी लागलं नव्हतं. त्या रात्री अतिथिगृहात बसून मी तिसऱ्या दिवसाच्या सगळ्या स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि सरांना फोन केला. उद्या विहीर मिळेल का, एवढंच विचारलं. सरांनी मध्ये कोणाची परवानगी लागेल, वेळापत्रकाचं काय, असलं काही काढलं नाही. संस्थेची बस सांगितली आणि यंत्रणेतल्या एका अधिकाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून ठेवलं.

तासाभराच्या अंतरावरचं गाव. विहीर सहा मीटर व्यासाची, बारा मीटर खोल, वरचे तीन मीटर मुरूम, खाली काळा खडक, पूर्वेच्या बाजूनं एक झरा. फेब्रुवारी असल्यामुळं पाणी बऱ्यापैकी होतं. पंप सेकंदाला आठ लिटर टाकत होता, बादली आणि घड्याळ घेऊन मुलांनीच ते मोजलं. दोन तासांत ५७.६ घनमीटर पाणी बाहेर आलं. पातळी १.७ मीटर उतरली. मग बांधावर बसून सगळ्यांनी गुणाकार केला. सहा मीटर व्यासाच्या विहिरीचं क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर, त्याला १.७ने गुणलं की ४८ घनमीटर. म्हणजे उपसलेल्या पाण्यापैकी ४८ घनमीटर विहिरीच्या पोटातलं. खडकानं दोन तासांत दिलं ते फक्त साडेनऊ घनमीटर, सहावा हिस्सा. हे सगळं पाणी खडकातून आलं असं धरून आकडे थेट थाइसच्या समीकरणात घातले असते, तर खडकाची क्षमता भलतीच निघाली असती. आणि त्या भरवशावर कोणी तिथं दुसरी मोटार बसवली असती.

ते शेतकरी काका आमचा गुणाकार ऐकत होते. म्हणाले, "एका दिवसाआड दोन तास, याच्यावर मी कधी मोटार चालवत नाही." त्यांनी तो हिशोब पंचवीस वर्षांत विहिरीकडं बघून केला होता. मुलांनी तो वहीत लिहून घेतला, मीही घेतला.

त्या दिवसाचं चित्रीकरण नाही. कॅमेरा व्याख्यान कक्षात बसवलेला आणि चित्रीकरणाची माणसं संस्थेतच थांबलेली. पोर्टलसाठी बाकीच्या चार दिवसांची इंग्रजी व्याख्यानं तयार झाली, पण बांधावर मराठीत जे घडलं ते कुठंच नाही. योजना राबवणाऱ्यांकडे माझं पहिलं मागणं हेच आहे. एक साधा फिरता कॅमेरा आणि स्थानिक भाषेतल्या तासालाही नोंदीत जागा, एवढं करा. मी इंग्रजीत शिकवत होते तोवर प्रश्न दोघं-तिघंच विचारत होते. विहिरीवर मी मराठीत बोलायला लागले आणि अठ्ठावीस-तीस जण बोलले. शेवटच्या दोन दिवसांत व्याख्यान इंग्रजीत आणि उदाहरणं मराठीत, असंच आम्ही ठेवलं.

दुसरी तक्रार परीक्षेची. पाचव्या दिवशी दुपारी पेपर, कारण क्रेडिट द्यायचं तर मूल्यमापन हवं. चार दिवसांत ऐकलेलं डोक्यात बसायच्या आधीच तपासायचं, याला अर्थ नाही. पेपर आम्ही घेतला, पण सरांनी त्याला एक जोड दिली. प्रत्येकानं दोन महिन्यांत आपापल्या गावची एक विहीर मोजायची आणि आकडे आम्हा दोघांना पाठवायचे, गुण नाहीत, सक्ती नाही. अडतीसपैकी सतरा जणांनी पाठवले. खोट्या नम्रतेशिवाय सांगते, त्या सतरा वह्या मला माझ्या नोकरीतल्या कुठल्याही प्रकल्पापेक्षा जवळच्या आहेत.

तिसरी गोष्ट मला खरंच लागली. मानधन अकरा आठवड्यांनी मिळालं. मंजुरी झालेली होती, अडकलं ते यजमान संस्थेच्या लेखा विभागात. त्यांना बोर्डिंग पासच्या मूळ प्रती हव्या होत्या आणि मी परतीचा पास विमानतळावरच टाकून दिला होता. मग विमान कंपनीचं पत्र, मग त्या पत्रावर सही, मग बँकेचा तपशील पुन्हा. सरांनी माझ्यासाठी त्या खिडकीवर किती खेपा घातल्या, ते त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या विद्यार्थ्यानं सांगितलं. पाहुण्याला दिलेल्या शब्दापायी यजमान प्राध्यापकाला आपल्याच कार्यालयात हेलपाटे मारावे लागतात, याचं मला अजून वाईट वाटतं. ज्यांना जायचं आहे त्यांनी दोन्ही बाजूंचे बोर्डिंग पास जपून ठेवा आणि निघण्यापूर्वी लेखा विभागाला कोणते कागद लागतात त्याची यादी लेखी मागून घ्या.

ग्यानशिवाय आणखी काय आहे, हेही पुष्कळ जण विचारतात. महिना-तीन महिने काढता येत असतील आणि तुमचं काम संशोधनाचं असेल तर 'वज्र' आहे. २०१७मध्ये जाहीर झालेली ही योजना पहिल्या महिन्याला १५,००० डॉलर आणि पुढच्या दोन महिन्यांना प्रत्येकी १०,००० डॉलर देते. तिचा भर इथल्या गटाबरोबर मिळून संशोधन करण्यावर आहे, वर्ग घेण्यावर कमी. कायमचं परत यायचं ठरवलं असेल आणि वय चाळिशीच्या आत असेल तर रामानुजन अभ्यासवृत्ती. ती पाच वर्षांची, महिन्याला १,३५,००० रुपये आणि वर्षाला सात लाखांचं संशोधन अनुदान. तीही मुळात संशोधकांची. माझ्यासारख्या पदवीपेक्षा कामाचा अनुभव जास्त असलेल्या माणसाला २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट उघडून दिली. आपल्या क्षेत्रात पंधरा वर्षांचा, तोही वरच्या जबाबदारीचा, अनुभव हवा. पीएचडीची अट नाही. एकूण मुदत चार वर्षांपेक्षा जास्त नाही. पण त्यात आयोगाचा पैसा नाही. मानधन उद्योगानं द्यायचं, नाहीतर संस्थेनं स्वतःच्या उत्पन्नातून, नाहीतर मानद म्हणून काम करायचं. उत्पन्न बेताचं असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला यातली तिसरीच वाट उरते, आणि नेमकी तिथंच अशा शिक्षकांची गरज जास्त आहे.

या सगळ्या योजना मी शेजारी शेजारी ठेवून पाहते तेव्हा मला आपल्याकडच्या जुन्या माणसांची आठवण होते. डॉ. आंबेडकर १९१३मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेव्हा परत येऊन संस्थानची चाकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला होता. पुढं १९१८ ते १९२० ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते आणि त्यांची व्याख्यानं ऐकायला बाहेरच्या कॉलेजांतले विद्यार्थी येऊन बसत. इरावती कर्वे बर्लिनहून पीएचडी घेऊन आल्या आणि १९३९पासून डेक्कन कॉलेजात राहिल्या. या दोघांची शिकवणी आठवड्याची नव्हती, आणि मानववंशशास्त्रासाठी इरावतीबाई जे मोजमाप करत हिंडल्या ते इथल्या माणसांमध्ये. परदेशात घेतलेलं ज्ञान इथल्या जमिनीवर लावून पाहायला वेळ लागतो. माझे दोन दिवस वाळूत गेले. ज्याला पाचच दिवस मिळतात त्याला ते भरून काढायला उरतात तीन.

म्हणून ग्यानला मी पाचपैकी चार देते, आणि उरलेला एक गुण राखून ठेवते तो पुढच्या फेरीसाठी. त्याच माणसानं त्याच विभागात दुसऱ्या वर्षी परत यावं, याची सोय योजनेतच हवी होती. २०१९मध्ये मी स्वतःच्या खर्चानं गेले, सुट्टीला घरी आले होते तेव्हा चार दिवस. तोवर सरांनी आमचा अभ्यासक्रम एम.टेक.ला ऐच्छिक विषय म्हणून लावून घेतला होता. निम्मं माझंच साहित्य, पण वाळूचा भाग एका तासावर आणलेला आणि मोठ्या व्यासाच्या विहिरींना तीन आठवडे. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. बीडचे ते भूगोलाचे शिक्षक एक तास घ्यायला खास आले होते.

कोणाला ही वाट धरायची असेल तर यजमानाला पहिल्याच पत्रात एक गोष्ट विचारा: पुढच्या वर्षी मी नसताना हा विषय कोण शिकवणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर जा. "बघू" असं आलं तर दुसरा यजमान शोधा. परीक्षांच्या तोंडावरची तारीख घेऊ नका, दोन दिवस आधी पोहोचा आणि त्या दोन दिवसांत स्लाइड्सवर काम न करता तिथल्या शिक्षकांबरोबर फिरा. पोर्टलवर सध्या कोणती फेरी उघडी आहे हे सरांसारख्या आतल्या माणसाला लवकर कळतं, त्यांनाच विचारा.

बीडहून दर मे महिन्यात मला एक तक्ता येतो. नऊ विहिरी, तारीख, पातळी, उपशाचे तास आणि शेवटच्या रकान्यात व्यास. सरांनी गेल्या महिन्यात नव्या प्रस्तावाचा मसुदा पाठवला आहे, या वेळी दोन आठवड्यांचा. वेळापत्रक उघडून पाहिलं. पहिल्या दिवशी, सकाळी साडेआठच्या समोर त्यांनी एकच शब्द लिहिला आहे: विहीर.